उरलेल्या गोळ्या

कारेलीबागेत, दवाखान्याच्या मागच्या खोलीत
मी गोळ्या मोजते.
दिलेल्या नव्हे, परत आलेल्या.
निळ्या ट्रेमध्ये बाटली उपडी करायची,
पट्टीने पाच-पाच बाजूला सारायच्या
गल्ल्यातली चिल्लर सारावी तशा.

इथे येणाऱ्यांना काही होत नसतं.
वय तीस, बत्तीस, पस्तीस;
जिना चढताना दम लागत नाही,
रात्री अकराला खाल्लेली शेव-उसळ पचते.
फक्त रक्तात काहीतरी जरा जास्त,
आणि फॉर्मवर एक रकाना:
वडील गेले तेव्हा त्यांचं वय.

अर्ध्या बाटल्यांत औषध आहे,
अर्ध्यांत तेवढ्याच वजनाचं काही नाही.
कुठल्या कुठल्या, मला ठाऊक नाही.
डॉक्टर मजमुदारांनाही नाही.
यादी कुठेतरी कुलपात,
किल्ली बारा वर्षांपुढच्या एका तारखेत.
एकीनं विचारलं होतं,
ताई, माझी खोटी असेल तर कडू कशी लागते?
म्हटलं, दोन्ही कडूच केल्यात.
मग ठीक, म्हणाली, आणि पाण्याचा ग्लास मागितला.

जयसिंग शिर्के, क्रमांक दोनशे सतरा.
गेंडीगेटपाशी पतंगांचं दुकान.
वडील: एक्केचाळीस.
दंडाला पट्टा बांधून मी हवा भरत होते
तेव्हा आपणहून सांगू लागला:
उत्तरायण होतं. अगाशीवर आम्ही दोघंच.
फिरकी माझ्याकडे, मी नऊ वर्षांचा.
दोर एकदम सुटत गेला हातातून, सरसर,
मला वाटलं, बाबा ढील देतायत.

पाऱ्याचा आकडा मला दुसऱ्यांदा घ्यावा लागला.

त्याची बाटली नेहमी रिकामी.
नव्वद दिवस, नव्वद गोळ्या, उरल्या शून्य.
असा एकच माणूस माझ्या रजिस्टरात.
बाकीच्यांच्या सात उरतात, बावीस उरतात,
कुणाकडे लग्न असतं, कुणाचा श्रावण,
एकाची बाटली दर खेपेला बसमध्येच राहते.
नव्या मुलींना मी जयसिंगचं पान दाखवायची.

मार्चात बाटली घेऊन थोरला भाऊ आला, मालोजी.
सुरतेहून मांजा यायचाय, तो दुकानात अडकला, म्हणाला,
आणि मग सरळ, दुधाचा हिशोब सांगावा तसं:
विषम तारखा त्याच्या. सम माझ्या.
मला तुम्ही घेतलं नाहीत ना.
चाळिशीच्या आतलेच पाहिजेत म्हणालात.
मला एक्केचाळीस लागलं होतं.

पेन शेऱ्याच्या रकान्यावर थांबलं.
कदाचित खडूच वाटून घेत असतील,
कॅलेंडर बघून, वर्षभर, दोघं भाऊ.
कदाचित औषध असेल,
आणि कुणालाच पुरत नसेल.

लिहिलं. लिहावं लागतं.
डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले.
मालोजीचं रक्त तपासलं, त्याला वेगळी चिठ्ठी दिली,
बाजारातून पैसे मोजून घ्यायची, जिच्यात शंका नाही अशी.
जयसिंगला बोलावून झापलं.
पण नाव काढलं नाही. काढायचं नसतं:
ज्या बाजूला चिठ्ठी पडली
त्याच बाजूला माणूस शेवटपर्यंत मोजायचा,
गोळी घेवो, न घेवो, वाटो.
हा नियम मी कितीदा लोकांना समजावलाय.
त्या दिवशी घरी जाताना, मांडवीच्या गर्दीत
स्कूटर बंद पडली तेव्हा, मला तो पहिल्यांदा ऐकू आला.

जूनमध्ये जयसिंग स्वतः आला.
बाटली वाजत होती.
उपडी केली, पाच-पाच सारल्या, चार सुट्या राहिल्या.
पुन्हा मोजल्या. चव्वेचाळीस.

मी काही विचारलं नव्हतं.
"दादाची आता वेगळी आहे, माहीत आहे मला," तो म्हणाला.
"पण सम तारखेला
हातच जात नाही."