हाक आली तर

सेलूच्या जिनिंगबाहेर वजनकाट्याची खोली,
खोलीत एक कॉम्प्युटर, दोन जीबीचा, शाळेच्या लिलावातला.
त्यात मी लिनक्स घातलं, दुसरं काही त्याला पेललं नसतं.
बंगशेठ म्हणाले, "तहसीन, हे रात्री कामून अडकायलंय, बघ."

बघितलं.
पावती छापायचं यंत्र ब्लूटूथवर,
रात्रीतून गाड्या चार, फार तर पाच,
आणि ब्लूटूथची सर्व्हिस मात्र मशीन लावल्यापासून जागी,
रिकाम्या अंधाराला कान लावून
मेमरी खात बसलेली.

सुरुवातीच्या यादीतून तिचं नाव काढलं.
मारली नाही. एवढंच सांगितलं, हाक आली तर ऊठ.

आत एक बस असते. एसटी नव्हे, निरोपांची.
काट्याचा प्रोग्राम तिथं नाव घेतो,
त्या नावाचं कुणी जागेवर नसतं,
तरी निरोप माघारी जात नाही, दारात उभा राहतो
तोवर आतलं कुणी डोळे चोळत उठतं.
मग पावती. कर्र, कर्र.
आणि दहा मिनिटं काहीच नाही आलं तर निजावं,
त्यासाठी सात ओळींची स्क्रिप्ट लिहिली.
चौथ्या ओळीत चूक होती. दोन रात्री तिच्यात गेल्या,
धाकटा भाऊ सोबतीला, टेबलाखाली घोरत.

बाहेर बाजेवर गैबीमामा.
हॉर्न वाजला की गुडघा धरून उठायचे,
साखळी काढायची, बॅटरीचा झोत नंबरप्लेटवर,
"दमानं घे रे, कडेला नाली हाय."
मी मोजलं, मला खोडच आहे ती:
हॉर्नपासून साखळीपर्यंत चाळीस सेकंद.
निरोपांची बस पंचवीस थांबते, मग चूक म्हणून परतवते.
गाड्या थांबतात.
कापूस भरून आलेली गाडी जाणार कुठं?

गैब म्हणजे न दिसणारं, मी सांगितलं त्यांना.
"आसंल," म्हणाले. "मायनं पिराला नवस केलता.
अर्थ कुणी पुसलाच न्हाई."

सकाळी शेठनी मेमरीचा आकडा बघितला. खूश.
"हे बरोबर. रिकामं कामून जागं ठेवायचं?
काम आलं की उठावं, झालं की निजावं."
आणि त्याच दमात कॅमेऱ्याचं चित्र लावलं.
दोन वाजून दहा. बाजेवर घोंगडी, घोंगडीत माणूस.
"हे बघ. पगार घेऊन झोपायलाय."
पाचशे कापा म्हणाले. मुनीम वही उघडत होता.

"शेठ, जरा पुढं घ्या."

दोन तेराला उजेड शिरला भिंतीवर.
हॉर्न चित्रात ऐकू येत नाही.
घोंगडी हलली, एक पाय खाली आला, बराच वेळानं दुसरा.
मी मनात आकडे म्हणत होते, अडतीस, एकोणचाळीस,
साखळी पडली.
शेठचा हात माउसवर तसाच.
मुनिमानं पेन टेकवलं नाही, खालीही ठेवलं नाही.

लॉगमध्ये त्या वेळेची ओळ आहे,
दोन चौदा, सर्व्हिस सुरू. दोन पंचवीस, थांबवली.
गैबीमामांची ओळ कुठंच नाही.

भावाला उठवून निघाले, तर मामा फाटकाशी चूळ भरत होते.
"झालं का गं तुझं यंत्र नीट?"
"झालं मामा. आता झोपतं."
पाणी थुंकून म्हणाले,
"बरं हाय बाई त्याचं."