अकरा शेअर

बाजार उघडतो सव्वानऊला
आणि माझी पाळी आठची.
म्हणून पहिला सव्वा तास मी नुसता टर्नर असतो,
उद्यमबागेच्या मागच्या गल्लीतला,
चकात बीडाचा जॉब आवळणारा.
नंतर गुंतवणूकदार.

फोन टूलच्या डब्यात, व्हर्नियरशेजारी,
चिंधीत गुंडाळलेला.
अंगठा लावला तर उघडत नाही.
अठ्ठावीस वर्षं तापला चुरा उडून
रेघा गेल्यात बोटांवरच्या,
रेशनच्या मशीनलाही मी ओळखू येत नाही.
मग चार आकडे दाबायचे.

खातं काढताना ॲपनं नाव विचारलं.
पॅनवर बरमाणी,
रेशनकार्डावर कन्नडात भरमण्णा,
मराठी शाळेच्या दाखल्यावर भरमाणी कल्लाप्पा हुंदरे.
असले प्रश्न आमच्याकडे कोर्टात पडून असतात.
ॲपनं चार दिवसांत निकाल दिला:
बरमाणी.

बरमाणीनं अकरा शेअर घेतले.
बाराव्याला भिशीचे पैसे पुरले नाहीत.
कंपनी परकी नव्हती.
तिच्या पंपाचं हाउसिंग माझ्याच लेथवरून जातं.
टीव्हीवरचा कोटवाला म्हणायचा,
जे समजतं त्यातच पैसे घाला.
मला तिचा बोअर माहीत होता, बासष्ट मिलिमीटर,
दोन शतांश इकडं-तिकडं.
आणखी काय समजायचं असतं कंपनीचं?

लेथला दोन बटणं. हिरवं चालू, तांबडं बंद.
फोनमध्येही तेच रंग,
खरं तिथं तांबडं झालं तरी
काही थांबत नाही.

पलीकडच्या लेथवर शिवपुत्र कडरोळी.
तो कन्नडात विचारतो, मी मराठीत सांगतो.
"एष्ट आतु?"
"चौदानं वर."
माझ्या फायद्याचा चहा तो पितो.
तोट्याच्या दिवशी पैसे तोच देतो,
आणि कप खाली ठेवताना कधी काही बोलत नाही.

दिवाळीनंतर रॅक अर्धा भरू लागला.
टेम्पो आठवड्याला तीनदा यायचा, मग दोनदा,
मग शनिवारी, आला तर.
फोनवर मात्र हिरवंगार.
कोटवाला म्हणाला, खरेदी करा, पुढचं वर्ष पंपांचं आहे.
मला वाटलं, त्याला कुणीतरी कळवायला पाहिजे
की बासष्टचा गेज
चार दिवस डब्यातून निघालेला नाही.
खरं फोन कुणाला करायचा,
आणि कुठल्या नावानं?

मंगळवारी शिवपुत्रच्या लेथवर ताडपत्री पडली.
तो हात पुसत बसला होता, नेहमीपेक्षा जास्त वेळ,
काडीनं नखांतलं काळं काढत,
उद्या कुणाच्या लग्नाला जायचं असल्यासारखा.
मालक त्याला म्हणाले होते, नाळे हेळतीनि.
उद्या सांगतो.

दहा चाळीसला मी अकराच्या अकरा विकले.
दलाली जाऊन चारशे सदतीस रुपये.
जन्मात पहिल्यांदा
बाजाराच्या आधी मला काही कळलं होतं,
आणि ते शेजारच्या लेथचा आवाज बंद झाल्यावर कळलं होतं.

पैसे खात्यात लगेच येत नसतात.
तरी संध्याकाळी पगारातनं पाव किलो कुंदा घेतला,
कडरोळीच्या घरी द्यायला.
का, ते दुकानात विचारलं नाही कुणी.
अनगोळच्या गेटला मालगाडी आडवी.
सायकल धरून डबे मोजत राहिलो,
हँडलला पिशवी, पिशवीतून तुपाचा वास.
चोविसाव्या डब्याला फोन काढला:
आणखी सहा रुपयांनी वर.
म्हणजे अजून त्यांना पत्ताच नव्हता.

गेट उघडलं. मागचे हॉर्न मारायला लागले.
मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
दार उघडल्या उघडल्या तो विचारणार, एन विशेष?
गोड कशाबद्दल?
तीन नावांपैकी कुणाकडंच
याला उत्तर नव्हतं.