चार मायक्रॉन

कुओपिओच्या इस्पितळाखाली, तळघरात,
साठ वर्षं तू मेणात आहेस.
तू म्हणजे तुझ्या उजव्या बीजकोशाचा
करंगळीच्या नखाएवढा तुकडा.
लाकडी ठोकळ्यावर डकवलेली चिठ्ठी,
शाई विटून चहाच्या रंगाची झालेली :
११८/६४. वय त्रेचाळीस. काम : टपाल वाटणे.
नाव माझ्यापर्यंत पोचू नये, असा कायदा आहे.
चांगला कायदा आहे.
तरी मी तुला अगं म्हणते.

सकाळी ताल्विक्की ट्रे घेऊन आली.
सत्तावीस वर्षांची, हुशार, नखं कुरतडणारी.
म्हणाली, ऐंशी केसेस आहेत.
मी मनात म्हटलं, ऐंशी बायका.
तिला दुरुस्त केलं नाही.
तिला रात्री झोप लागायला हवी.

पेपरात जाहिरात दिली होती म्हणे :
जुने नमुने संशोधनाला वापरणार आहोत,
कुणाची हरकत असल्यास लेखी कळवावे.
तू कशी कळवणार?

कापण्याआधी बर्फावर ठेवावं लागतं.
थंडीचं तुला काय!
कॅल्लावेसी गोठलं की त्यावरूनच जात असशील
पलीकडच्या बेटांवर, खांद्याला पिशवी, नाक लाल.
आणि त्या वर्षी कमरेचा पट्टा
एक भोक सैल केला असशील, मग आणखी एक.
जेवण जात नाही पण पोट भरलेलं वाटतं,
असं सांगितलं असशील कुणाला तरी,
आणि कुणीतरी म्हणालं असेल, वयाचं असतं.
हे सगळं मी रचतेय.
पण माझ्या मावशीला हेच म्हणाले होते
एक्याण्णव साली,
आणि ते मी रचलेलं नाही.

ठोकळा फिरवला तर मेणाच्या कडेवर
अंगठ्याचा ठसा.
तुझा नव्हे. माझ्यासारख्याच कुणाचा,
जिनं तुला ओतलं, घाईत, मेण निवायच्या आत.
डावा अंगठा. मधोमध एक बारीक चिरा, कापल्याचा.
आमच्या धंद्यात पात्याचा प्रसाद प्रत्येकीला मिळतो.

चाक फिरवते. पातं तुझ्यावरून जातं.
चार मायक्रॉन.
दुधावरची साय याच्यापुढे घोंगडी.
पट्टी कोमट पाण्यावर सोडली की
आधी आक्रसते, मग अंग सैल करते.
ब्रशच्या टोकानं सुरकुती काढते,
श्वास रोखून,
झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तशी.

तीन वाजता बाहेर अंधार पडला.
चार वाजता ताल्विक्की ओरडली : तीन प्लस!
मी भिंगातून पाहिलं.
पेशीपेशीच्या कडेला तपकिरी कुंपण.
नवं औषध ज्या खुंटीला येऊन अडकतं,
ती खुंटी तुझ्यात होती. ठासून होती.
म्हणजे तुला ते लागू पडलं असतं, कदाचित.
आमच्या तक्त्यात
‘असतं’ला रकाना नाही.

पत्ता, पत्र, उशीर, असलं काहीतरी सुचत होतं.
गिळून टाकलं.
तू पायांनी केलेल्या कामाची
मी खुर्चीत बसून उपमा करू नये.

ताल्विक्की फोनवर हेलसिंकीशी बोलत होती.
तिथे वरच्या मजल्यावर कुणीतरी
याच औषधाची तिसरी बाटली लावून घेत होती,
तिच्या केसांबद्दल, उलट्यांबद्दल, मांजराबद्दल
कुणी तिला विचारत होतं.
तिला तुझी माहिती नाही.
नसू दे.

कापलेली बाजू उघडी ठेवत नाहीत, हवा लागते.
म्हणून वर मेणाचा थर दिला.
हातमोजा काढलेला होता, नियमाबाहेर.
मेण अजून मऊ होतं.
सांगून टाकते : दाबला अंगठा.

मग पुढचा घेतला.
११९/६४. वय एकोणतीस.
कामाच्या जागी नुसती रेघ.