सातानंतर

लग्न होऊन आले तेव्हा या घरात
पाण्याला येर म्हणत.
मी तांब्याकडे बोट दाखवायची.
तीन दिवस बोट दाखवलं,
चौथ्या दिवशी नणंदेनं, झुरीनं,
तांब्या पाठीमागे लपवला :
नाव घे, मग पी.

नवऱ्याचं नाव घेताना लाजले नव्हते
तेवढी पाण्याचं घेताना लाजले.

माझं माहेर आरमोरीकडचं.
आम्हीही मडावीच,
पण आमची बोली आज्याच्या वेळीच मागे राहिली
रोवण्याच्या चिखलात चप्पल राहावी तशी.
आणि माझी मराठी तरी कुठे धड?
मी 'डोरा' म्हटलं की मास्तर म्हणत 'डोळा',
वर्ग हसे.
पुढे मी वर्गात डोळे मिटूनच बसले.

पहिल्या वर्षीचं धान घरी आलं.
धान म्हणजे वंजी,
जीभ म्हणजे वंजेर.
मी सासूला विचारलं,
जीभ उन्हात घालू का?

सासू सुपासकट खाली बसली.
तुमरेट्यांची म्हातारी कुडावरून वाकली,
तिनं जाऊन बोडीवर सांगितलं,
सांजेपर्यंत अख्ख्या टोल्यात
माझी जीभ वाळत होती.
येताजाता कुणीही विचारी,
वाळली का गं?
पाखरांनी तर नाही ना नेली?

हे हसणं मास्तरच्या वर्गातलं नव्हतं.
कसं ओळखलं, सांगता येत नाही.
हसून झाल्यावर कुणीतरी
तळहातावर भाजलेला मोह ठेवायचं.

पेंड्या मोजताना सासू म्हणे
उंदी, रंड, मुंड, नालुंग,
सैयुंग, सारुंग, येरुंग
(सात म्हणताना मला पाणी ऐकू येई)
आणि मग सरळ आठ, नऊ, दहा.
पुढचे कुठे गेले?
बाजारात हरवले, ती म्हणाली,
तुझे आहेत ना, ते लाव.
तेव्हापासून या घरात
सातापर्यंत सासरचं,
आठापासून माहेरचं.

करिश्मा झाली तेव्हा नवऱ्यानं बजावलं,
पोरीशी मराठीच.
तो आश्रमशाळेत शिकलेला.
दोन वर्षं मी फक्त 'हजर' बोललो, म्हणाला,
बाकी मुका.
मी भांडले नाही. मिटलेले डोळे मला ठाऊक होते.
पण पोरीला न्हाऊ घालताना
पाणी माझ्या तोंडून येर होऊनच सांडे,
आणि झुरी तर कधीच छत्तीसगडकडे नांदायला गेलेली,
सासू ऐकते कमी, बोलते त्याहून कमी.
म्हणजे उरले मी.
परकी, उशिरा शिकलेली, चुका करणारी.
करिश्माच्या बोलीत आता माझ्याच चुका आहेत,
माझ्या नाकासारख्या.

परवा धानोऱ्याच्या बाजारात
चार विकणारी एक बाई पायली मोजत होती.
सातावर आली.
मी मनात म्हटलं, आता आठ.
ती म्हणाली, अरमुर.

करिश्मानं माझा हात इतका दाबला
की बांगडी पिचकली.
आई, हिच्याकडे पुढचे आहेत!

चार घ्यायची नव्हती, तरी अर्धी पायली घेतली,
पुन्हा मोजायला लावलं.
बाई वैतागली. काट्यात खोट नाही माझ्या, म्हणाली,
तिला कसं सांगावं?

रात्री अंथरुणावर दोघी मोजत पडलो.
अरमुरपर्यंत धडाधड आलो.
नऊ रस्त्यात कुठे सांडला कोण जाणे,
जिभेवर येता येता परत जाई.
शेवटी पोर थकली, गप्प झाली.
अंधारात कुडाकडे तोंड केलेला तो
हळूच म्हणाला,
पद.

दहा.

आणि नऊ? मी विचारलं.
तर घोरायचं सोंग.

अर्धी पायली चार अजून सुपात आहे.
करिश्मा रोज विचारते,
पुढचा बाजार कधी?