पाच हजार वार

वार कायद्यातून केव्हाच गेला,
उरला तो पंचांगात.
तरी पौषात गेंडीगेटच्या रस्त्यावर
पतंगाची दोरी वारानेच विकतात,
हजार, अडीच हजार, पाच हजार.
म्हणून मला जावं लागतं,
खात्याची पोलादी टेप
आणि पावतीपुस्तक घेऊन.

करामतमियाँनी दोन बांबू रोवलेले,
एक पानाच्या गल्ल्यासमोर,
एक बंद पडलेल्या सायकल दुकानापाशी.
मधल्या दोऱ्यावर गुलाबी लुगदी फिरवत
ते चालत होते,
बोटांना चिंध्या, चिंध्याही गुलाबी.
'बांबूंमधलं अंतर?'
'वीस ढांगा. ढांग म्हणजे वार.'
'कोणाची ढांग?'
'माझीच. दुसऱ्याची कुठून आणू?'

टेप लावली.
अठरा मीटर दहा सेंटिमीटर.
हवं अठरा अठ्ठावीस.
मी पेनाचं टोपण काढलं.
'ठाऊक आहे, साहेब,' ते म्हणाले,
'गुडघा गेल्यापासून ढांग आखडली.
म्हणून सव्वाशे फेऱ्यांवर थांबत नाही,
वर तीन घालतो.'

तिथेच ओट्यावर बसून गुणाकार केला.
गिऱ्हाइकाला एकसष्ट मीटर जास्त जात होते.
जास्तीच्या मापाला आमच्याकडे कलम नाही.
शेऱ्यात लिहिलं: माप ढांगेचे, ढांग वयाची.
मग खोडलं.
लिहिलं: ठीक.

संध्याकाळी दांडिया बाजारात, घरी,
शालन भातात पाणी घालत होती
बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत.
तिचं पेर मी कधी तपासलेलं नाही.
'पाच हजार वार म्हणजे किती हो?'
'चार हजार पाचशे बाहत्तर मीटर.'
'ते नव्हे. किती?'

पुन्हा कागद घेतला. नऊने भागलं.
'पाचशे पंचावन्न लुगडी.'
'अगंबाई. आभाळात?'
'एका फिरकीत. एका पोराच्या हातात.'
तिने भातावर झाकण ठेवलं.
'आणि बाकी?'
'पाच वार.'

त्या पाच वारांपाशी दोघंही जरा थांबलो.
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी आणलेलं
तिचं पहिलं पाचवारी पातळ
आईने चार बोटांत धरून विचारलं होतं,
'उरलेले चार वार
कुठे ठेवून आलास?'
मी तेव्हाही याच खात्यात होतो.
उत्तर नव्हतं.

गच्चीवर पोरं ओरडली, काप्यो छे!
कुणाची तरी तुटलेली दोरी
आमच्या कठड्यावरून घसरत
तुळशीच्या कुंडीत अडकली.
शालनने ती हलकेच सोडवली,
कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत
धरत, सोडत, पुटपुटत मोजली.
'आठ हात,' म्हणाली, 'आणि चार बोटं.'

दोन हातांचा एक वार.
टेप माझ्या पिशवीतच होती.
काढली नाही.