कडेवर

एकशे बेचाळीस तुकडे. सगळ्यांत मोठा
माझ्या तळहातात मावेल एवढा.
अदीस अबाबाच्या तळघरात यंत्राने
एकेकाचे काप काढले, पापुद्र्याइतके पातळ,
आणि मी ते पडद्यावर जुळवत बसले
दोन पावसाळे.
वीज गेली की जनरेटर खोकत उठेपर्यंत
अंधारात कॉफी.

डावा खुबा मिळालाच नाही.
मग सगळे करतात तेच केलं:
उजव्याची आरशातली प्रत डावीकडे बसवली.
मणके मात्र कललेले, उजवीकडे.
मातीचा भार, म्हणाले सगळे.
सरळ करू गेले तर एकात एक बसेनात.

मग स्नायू. म्हणजे दोऱ्याच;
प्रत्येकीला लांबी, ताण, एक आकडा.
पायाखाली जमीन दिली. वजन दिलं.
म्हटलं, चल बाई.

चौथ्या पावलाला पडली.
दोऱ्या घट्ट केल्या. सहाव्याला पडली.
घोटा बदलला, जमीन मऊ केली,
तीनशे वेळा पडली,
दर वेळी उजवीकडेच.

गुरुवारी कदाफो आला, अफारहून,
राहिलेल्या मजुरीची सही करायला.
पहिलं हाड त्यालाच दिसलं होतं,
शेळ्यांमागे जाताना.
खुर्ची दिली तरी उभाच राहिला.
दोनदा तिचं पडणं पाहिलं
आणि मोडक्या अम्हारिकमध्ये विचारलं,
"हिच्या कडेवर कोण आहे?"

कोणी नाही, मी म्हटलं. दुसरं हाडच नाही सापडलं.
"करडू असेल. पोर असेल.
मोकळ्या बाईचा कणा असा वळत नाही."
मग अंगठा उठवला, नोटा मोजल्या,
आणि बस कुठून सुटते ते विचारून गेला.

रात्री सगळे गेल्यावर
तिच्या डाव्या कमरेवर एक गोळा ठेवला.
बिनचेहऱ्याचा, चार किलोंचा.

दहा पावलं. चाळीस.
पडद्याची कड आली, तिथून बाहेर गेली.
मी जमीन लांबवत राहिले.

दोन किलोंना पडते. रिकामी तर पडतेच.
लेखात यातलं काही जाणार नाही,
चार किलोंचा पुरावा कुठून आणू?
कदाफोचं नाव आभारात येईल, तळाशी,
बारीक अक्षरात.

आज सकाळी साडेचार करून पाहिले.
किंचित थांबली, तोल घेतला, चालली.

उद्या पाच करीन.