प्रतिसादक क्रमांक तेवीस

तीन वर्षांत पदवी मिळत होती,
मी चौथं वर्ष मागितलं. ऑनर्स. मानसशास्त्र.
बाबा म्हणाले, म्हणजे नापास न होता एक वर्ष जास्त,
आणि फीचे पैसे मोजून दिले.
नोटांना बर्फाच्या पेटीचा वास होता.

तायशेटे सरांनी विषय ऐकला, चष्मा पुसला :
मासेमारीच्या हंगामातील प्रतीक्षा-चिंता,
मालवणच्या दांडी किनाऱ्यावरील विवाहित स्त्रियांचा अभ्यास.
शीर्षक लांब आहे, म्हणाले, म्हणजे मंजूर होईल.
नमुना साठचा तरी घे.

साठ बायका, चोवीस विधानं,
प्रत्येकापुढे पाच चौकटी,
पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत.
नावं लिहायची नाहीत.
माझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्लेल्या बायकांना
मी क्रमांक दिले.

"मला कारणाशिवाय भीती वाटते"
हे छापील वाक्य घेऊन वाळूत उतरले
तर पाच नंबर म्हणाली,
"कारणाशिवाय कित्याक? दर्या दिसणा नाय तुका?"
अकरा नंबरने ऐकायच्या आधीच
सगळ्यावर पूर्ण सहमत करायला सांगितलं.
"तुजां काम होवंदे गो चेडवा, माका तारले खारवूचे आसत."
मी तसंच भरलं. देव आणि विद्यापीठ मला क्षमा करो.

तेवीस नंबर सुंगटं निवडत होती.
विधान सहा : नवरा समुद्रात असताना मला शांत झोप लागत नाही.
"लागता," ती म्हणाली. "तेवाच लागता."
विधान चौदा : होडी परतताना दिसली की जीव भांड्यात पडतो.
हात थांबला नाही तिचा,
डोकं मोडायचं, साल सोलायचं,
पाठीतला काळा दोरा ओढून काढायचा.
"परत वाच."
मी परत वाचलं.
ती म्हणाली, "खयच्या भांड्यात?"
आणि भर उन्हात
पदर दंडावरून खाली, मनगटापर्यंत ओढून घेतला.

नियमाप्रमाणे मी तिला समुपदेशनाचा फोन नंबर दिला,
संमतीपत्राच्या तळाशी छापलेला.
तिने तेवढाच तुकडा फाडून कमरेच्या पिशवीत ठेवला,
सुट्या पैशांच्याही आत.
वरचा कागद सालांखाली गेला.

घरी आईला मी एकही विधान वाचून दाखवलं नाही.
नमुन्यात नातेवाईक नकोत,
हे कारण पद्धतीच्या प्रकरणात आहे, पान एकतीस.

सरांच्या संगणकावर साठ ठिपके.
एकोणसाठ एकत्र, रापणीत आल्यासारखे.
एक दूर वर, एकटा.
उत्तरं उलटी दिलीयत, सर म्हणाले, प्रश्न कळले नसतील.
काढून बघ.
मी ती ओळ निवडली. काढली.
सहसंबंध वर सरकला आणि आकड्याच्या डोक्यावर
एक छोटा तारा उगवला,
निष्कर्ष सार्थ असल्याची खूण.
सर हसले. मीही हसले, हे इथे लिहून ठेवते,
तिथे लिहायला रकाना नव्हता.

गुण चांगले पडले. बाबांनी लिलावाच्या जागी खाजं वाटलं,
मुलगी काय झाली हे मात्र
त्यांना कोणालाच नीट सांगता आलं नाही.

ऑगस्टात होड्यांवरची झापं निघाली.
बायका वर, सुरूंच्या बाजूला, हात जोडून उभ्या,
ओठ हलत होते.
एकोणसाठ म्हणूया.
ती खाली होती.
मांडीभर पाण्यात, पुरुषांच्या रांगेत,
खांदा होडीच्या मागच्या फळीला लावून,
आणि ढकलत होती
जीव खाऊन.